दुसऱ्या पाळीची सुपरवायझर

बारामतीतल्या आमच्या जळोचीच्या गल्लीत सारजा महानवर राहायला आली, तेव्हा तिच्याबद्दल पहिली तक्रार माझ्या बायकोनंच केली. बाई हसत नाही, असं तिचं म्हणणं. पुढं ओळख वाढल्यावर कळलं, की हसते, पण विनोदाला नाही, माणसाच्या फुशारकीला. समोरचा आपली थोरवी सांगायला लागला, की सारजा खालचा ओठ किंचित पुढं काढून मान एका बाजूला कलती करते आणि नुसती ऐकत राहते. दोन वाक्यांत समोरच्याची वाफ निघून जाते.

तिचा जन्म सुप्याकडच्या माळावरचा. बाप गेणबा मेंढरं राखायचा. पुढं माळ आकसला, चराईला जागा उरली नाही, तेव्हा त्यानं कळप विकून टाकला आणि दुसऱ्याच्या रानात राखणीला राहिला. सारजा दहावी झाली आणि बावड्याच्या जोतीरामला दिली. जोतीराम टेम्पोवाला. बावडा, इंदापूर, अकलूज अशा बाजारांना भाजीपाला पोचवायचा. दोन मुलं झाल्यावर त्यांच्या शाळेसाठी दोघं बारामतीत आली, आणि सारजा एमआयडीसीतल्या खारी-टोस्टच्या कारखान्यात पॅकिंगला लागली.

खारी पॅक करणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. जरा हात जड पडला की पुड्यात नुसता चुरा. दिवसभर डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, नाकात डालड्याचा वास. आठ वर्षं तिनं ते केलं. मग जुनी सुपरवायझर सोडून गेली आणि तिच्या जागी सारजाला नेमलं, कारण तीसेक बायकांना न ओरडता कामाला लावू शकेल अशी दुसरी कुणी तिथं नव्हती.

इथं विम्याचं थोडं सांगायला हवं. ज्यांचा पगार एकवीस हजारांच्या आत, त्यांना सरकारी विम्याचं कार्ड. ज्यांचा वर, ते स्टाफ, आणि स्टाफला कंपनीची मेडिक्लेम. सुपरवायझर झाल्यावर सारजाचा पगार त्या रेषेच्या जेमतेम वर सरकला. सरकारी कार्ड पुढं बंद झालं आणि ती मेडिक्लेमवाल्यांत आली. मालक विजयसिंह यांनी तिला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला आणि म्हणाले, आता तुम्ही आपल्या कुटुंबात आलात. आधीची आठ वर्षं ती कोण होती, हे त्यांनी सांगितलं नाही. हिनंही विचारलं नाही.

कुटुंब हा विजयसिंहांचा आवडता शब्द. कारखान्याच्या फाटकावर तो रंगवलेला होता, कॅलेंडरवर छापलेला होता, दिवाळीच्या खारीच्या खोक्यावरही होता. फार सोयीचा शब्द आहे तो. कुटुंब म्हटलं की ओव्हरटाइमचे पैसे मागायला माणसाला लाज वाटते, आणि सुट्टी मागितली की कुटुंबाला दगा दिल्यासारखं होतं.

सुपरवायझर होऊन दोन वर्षं झाली आणि जोतीरामची कंबर दुखायला लागली. कंबर म्हणून तो चोळून घेत राहिला. शेवटी टेम्पोत चढताना पाय उचलेना, तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. कंबर नव्हती ती, खुबा होता, आणि एक नाही, दोन्ही. आतल्या हाडाचा रक्तपुरवठा थांबून हाड ढासळत चाललं होतं. दोन्ही खुबे बदलावे लागतील, एका वेळी एक, आणि हे काम पुण्याला, असं डॉक्टर म्हणाले. जोतीराम सत्तेचाळीस वर्षांचा होता.

सारजानं आधी बाहेर चौकशी केली. विमा एजंटनं फोटो बघितला आणि सरळ सांगितलं, की नवी पॉलिसी घेतली तर हा आजार तीन वर्षं धरला जाणार नाही. तीन वर्षं जोतीरामनं खुर्चीत बसून काढायची आणि हप्ता भरत राहायचा. कंपनीच्या पॉलिसीत मात्र जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला होता आणि त्यात नवरा-मुलं आपोआप होती. त्या वर्षी जोतीरामचा उजवा खुबा पुण्यात बदलला. खर्च विम्यानं उचलला. चार महिन्यांत तो उजव्या पायावर ताठ उभा राहायला लागला. डावा तसाच राहिला. "एका पायानं नवरदेव, एका पायानं म्हातारा," असं तो गल्लीत स्वतःच सांगायचा. डावा पुढच्या वर्षी करायचं ठरलं.

त्या एप्रिलमध्ये कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्टाफची बैठक झाली. एचआरला ऋषिराज म्हणून एक तरुण पुण्याहून आला होता. स्टाफवर माणसं चाळीसेक, सगळी एकमेकांना घरच्या नावानं ओळखणारी, पण हा गळ्यात नावाचा पट्टा घालूनच यायचा, जणू वाटेत हरवला तर कुणीतरी आणून सोडावा. त्यानं पडद्यावर एक गोल दाखवला. गोलात हिरवा तुकडा लहान आणि लाल तुकडा मोठा. लाल म्हणजे विम्यातून गेलेले पैसे. ते फार गेल्यामुळं विमा कंपनीनं हप्ता वाढवला आहे, आणि वाढलेला भाग या महिन्यापासून स्टाफच्या पगारातून कापला जाईल, असं त्यानं सांगितलं. आजवर हप्ता कंपनीच भरत होती.

कॅन्टीनमध्ये कुजबुज झाली. डिस्पॅचच्या गोकुळनं विचारलं, एवढे पैसे गेले कुणाला. ऋषिराज म्हणाला, नावं गोपनीय असतात. आणि नावं गोपनीय असतात म्हणून त्यानं अवयव सांगितले. मोठे क्लेम दोन, दोन्ही हाडांचे.

चाळीस माना सारजाकडं वळल्या.

तिच्या घरचं एकच हाड झालं होतं. दुसरं कुणाचं, हा प्रश्न तिच्या मनात आला, पण ती तो विचारायच्या आत विजयसिंह उठले. एखाद्याच्या घरी आजारपण आलं तर त्याचा भार सगळ्यांनी मिळून उचलायचा असतो, कुटुंब म्हणतात ते यालाच, असं ते म्हणाले. त्यांनी स्वतः किती उचलणार ते सांगितलं नाही. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचेच पैसे कापले जाणार होते, तरी झाल्या.

बाहेर पडताना गोकुळ तिला गाठून म्हणाला, "सारजाक्का, भावजींचा दुसरा खुबा जरा दमानं घ्या. आमच्या पगाराला पण हाडं हायेत."

आजूबाजूचे हसले. दोन वर्षांपूर्वी याच गोकुळच्या मुलाचं अपेंडिक्स याच पॉलिसीत निघालं होतं, तेव्हा त्यानं स्टाफला जिलेबी वाटली होती. पण ते कुणाला आठवायचं नव्हतं. पगारातून पैसे कापले गेले की माणसाला मालक दिसत नाही, कारण मालकाकडं बघायचं म्हणजे मान वर करावी लागते. शेजारी बसलेला आजारी माणूस बसल्या जागी दिसतो.

तिथून पुढं सारजाचे दिवस फार वाईट गेले. अकाउंट्सची बाई दर महिन्याला पगाराच्या दिवशीच विचारायची, आता कसं आहे तुमच्या मिस्टरांचं. चहाच्या वेळी टेबलावर जागा असायची, पण ती बसली की बोलणं बदलायचं. कुणीतरी तिला खुबेवाली असं नाव पाडलं आणि ते ओव्हनपाशीच्या माणसांपर्यंत गेलं. ती कुणालाच उत्तर देत नव्हती. माझ्या बायकोला एकदा म्हणाली, की भांडायला माणूस निदान आपल्या उंचीचा तरी लागतो.

मे महिन्यात ऋषिराजनं तिला केबिनमध्ये बसवून घेतलं. फार गोड बोलला. कंपनी तिच्या पाठीशी आहे, हे त्यानं तीनदा सांगितलं. मग म्हणाला, दुसरं ऑपरेशन एखाद्या वर्षानं पुढं ढकलता आलं तर बरं, म्हणजे यंदाचा रेशो सुधारेल. रेशो म्हणजे काय, हे त्यानं पुन्हा तो गोल काढून समजावलं.

"हाडाला सांगता का तुमी?" सारजा म्हणाली. "येक वरीस थांब म्हणावं, सरांचा रेशो हाय."

ऋषिराज म्हणाला, यात वैयक्तिक घेण्यासारखं काही नाही. सारजा उठून आली.

घरी तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. पण बारामती मोठी झाली तरी अजून इतकी मोठी नाही. जोतीराम दाढीला गेला होता, तिथं शेजारच्या खुर्चीत गोकुळ. त्यानं हसत हसत सगळं ऐकवलं. जोतीराम घरी आला, भिंतीला धरून बसला आणि म्हणाला, मला दुसरं करायचं नाही, काठी घेईन, जन्मभर घेईन, पण तुला कुणी खुबेवाली म्हणायचं नाही.

आमच्या घराची भिंत त्यांना लागून आहे. सारजाचा आवाज चढलेला त्या एकाच दिवशी आम्ही ऐकला.

"अवो, अकरा वर्सं त्यांच्या खारीचा चुरा गिळलाय मी," ती म्हणाली. "कुणी भीक न्हाय घातली आपल्याला. माझ्या मजुरीतलंच हाय ते. पगाराचा येक हिस्सा त्यांनी कागदात गुंडाळून दिला आन त्याला विमा म्हणलं. आपुन आपलंच घ्यायला लाजायचं?"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं पुण्याला गेली.

हाडांचं मोठं हॉस्पिटल. तिथं विम्याचं काउंटर वेगळं असतं. विम्यावाल्यांनी आपापल्या फाइली देऊन खुर्च्यांवर बसायचं आणि नाव पुकारण्याची वाट बघायची. जोतीरामला व्हीलचेअरवर बाजूला बसवून सारजा वाट बघत होती. काउंटरवरच्या मुलीनं माइकवर कारखान्याचं नाव पुकारलं, आणि पुढं म्हणाली, "पॅकिंग सुपरवायझर."

सारजा उठली. तिच्याबरोबर आणखी एक बाई उठली.

ती बाई साठीच्या आसपासची. अंगावर भारीतली साडी, हातात जाड पाटल्या, एका हातानं ड्रायव्हरच्या खांद्याचा आधार घेतलेला. सारजानं तिला ओळखलं. कारखान्यात दर दसऱ्याला मशीनच्या पूजेला गाडीतून उतरून यायची ती. मालकाच्या थोरल्या भावाची बायको, माधवीवहिनी. इंदापुरात त्यांचा मोठा बंगला आहे, खाली ऊस, वर पाण्याची टाकी बोटीच्या आकाराची.

काउंटरवरची मुलगी गोंधळली. दोन फाइली, कंपनी एकच, हुद्दा एकच. फाइली एकमेकींत मिसळू नयेत म्हणून तिनं माधवीवहिनींना विचारलं, की तुम्ही नेमक्या कुठल्या विभागात काम करता.

माधवीवहिनी शाळेतल्या मुलीनं पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाल्या, "पॅकिंग. दुसरी पाळी."

कारखान्यात दुसरी पाळी नव्हती. कधीच नव्हती. पाच वाजता मशीन बंद व्हायची आणि वॉचमन कुत्र्याला आत सोडायचा.

दोघींना पुन्हा बसायला सांगितलं. माधवीवहिनी शेजारच्याच खुर्चीवर बसल्या. सारजा कोण, हे त्यांना अजून समजलं नव्हतं. दसऱ्याला त्या मशीनच्या पाया पडत, माणसांकडं बघण्याची वेळ यायची नाही. बसल्या बसल्या त्या आपण होऊन बोलायला लागल्या. गेल्या वर्षी उजवा गुडघा बदलला, आता डावा. मागच्या वेळी इथलं जेवण अगदीच बेचव होतं, म्हणून या खेपेला डबा घरून यायचा आहे. सारजा ऐकत राहिली. दुसरं हाड कुणाचं, ते तिला आयतंच समजलं.

"दुसरी पाळी सुटती कवा, वहिनीसाहेब?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"मी पयल्या पाळीला असती. तुमच्याच खात्यात."

माधवीवहिनींनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. चेहरा आधी हळदीकुंकवाला हसतात तसा हसरा होता, तो हळूहळू उतरला. त्या आवाज बारीक करून म्हणाल्या, "अगं, ते सगळं भाऊजींनी केलंय. कागदावर नाव लावलं म्हणाले. मला त्यातलं काय कळतंय? आणि कारखाना घरचाच तर आहे."

सारजानं खालचा ओठ किंचित पुढं काढला आणि मान कलती केली. गप्प बसणाऱ्या माणसापुढं श्रीमंत माणसाला फार अवघडतं. माधवीवहिनींनी जोतीरामची चौकशी केली, मग म्हणाल्या, काही कमी-जास्त लागलं तर मला सांग, मी भाऊजींच्या कानावर घालीन. सारजा म्हणाली, घातलंय की त्यांच्या कानावर, म्हणून तर कापतायत.

मला हे सगळं पुढं सारजानंच सांगितलं. सांगताना ती म्हणाली, की माधवीवहिनींचे गुडघे दुखत होते हे खरंच होतं, उठताना डोळ्यांत पाणी यायचं, त्यात खोटं काही नव्हतं. राग गुडघ्यांचा नव्हता. बंगल्यावर बोट बांधणाऱ्या माणसांनी आपल्या घरच्या म्हातारीचा खर्च चाळीस पगारदारांच्या पॉलिसीत सरकवला, आणि लाल तुकडा दाखवताना तिच्या नवऱ्याच्या खुब्याकडं बोट केलं. अडीच महिने तिनं मान खाली घालून चहा प्यायला होता तो हिच्या गुडघ्यापायी. ते तिला पचत नव्हतं.

जोतीरामचं ऑपरेशन चांगलं झालं. ती रजा संपवून कामावर आली, त्याच दिवशी ऋषिराजनं बोलावलं. त्याच्याकडं फोन आधीच येऊन गेला होता. हॉस्पिटलमध्ये कोण कुणाला भेटतं ही खासगी बाब असते, रुग्णाची माहिती गोपनीय असते, असं त्यानं सांगितलं.

"व्हय सर," सारजा म्हणाली. "अवयव तेवढा सांगायचा."

ऋषिराजनं गळ्यातला पट्टा सरळ केला.

पण सारजानं लगेच काही केलं नाही. तिनं कुणाला हे सांगितलंही नाही. जोतीराम नीट चालायला लागेपर्यंत तिला थांबायचं होतं. फिजिओथेरपीचे काही पैसे विम्यातून यायचे होते, ते येईपर्यंत तिनं तोंड मिटून ठेवलं. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. म्हणणाऱ्यानं नवऱ्याला पाठीवर घेऊन जिना उतरून दाखवावा.

सप्टेंबरात पुन्हा बैठक झाली. या वेळी ऋषिराज बाजूला उभा होता आणि विजयसिंह स्वतः बोलत होते. यंदाही काही जणांनी पॉलिसीचा पुरेपूर लाभ घेतला, असं ते म्हणाले, आणि पुरेपूर म्हणताना त्यांनी सारजाकडं पाहिलं. असंच चालू राहिलं तर पुढच्या वर्षीपासून नवरा-बायकोचा हप्ता ज्याचा त्याला पूर्ण भरावा लागेल. शेवटी निर्णय कुटुंबाच्या हिताचाच घ्यावा लागतो.

कुणाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं. या प्रश्नाला कॅन्टीनमध्ये आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. सारजा उभी राहिली.

"साहेब, माझ्या जोडीच्या सुपरवायझरबाईंना येकदा कामावर बोलवा," ती म्हणाली. "दुसऱ्या पाळीच्या."

गोकुळ मागून म्हणाला, आपल्याकडं दुसरी पाळी कुठं आहे. त्याला काही माहीत नव्हतं, तो खरंच बुचकळ्यात पडला होता.

"पाळी न्हाय, पर सुपरवायझर हाय," सारजा म्हणाली. आवाज अजिबात चढवला नव्हता तिनं. "त्यांचे दोन गुडघे झाले. आमच्या ह्यांचे दोन खुबे झाले. तुमच्या लाल तुकड्यात चारी हाडं हायेत. बोलणी मात्र माझी येकलीची, आन पैसं ह्या सगळ्यांचं."

मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी फसकन हसलं. मग एकेका टेबलावर समजत गेलं. दसऱ्याला गाडीतून कोण उतरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या दसऱ्याला काठी घेऊन कोण आलं होतं, हेही.

विजयसिंहांचा चेहरा तांबडा झाला. पण माणूस सराईत. आवाज तसाच ठेवून ते म्हणाले, "वहिनी आपल्या कुटुंबातल्या आहेत."

"व्हय की," सारजा म्हणाली. "मग कुटुंबाचं कुटुंबानं भरावं. आमी हितं कामाला हाय."

आणि ती खाली बसली.

यानंतर फार काही घडलं असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. पोलीस आले नाहीत. विमा कंपनीला कुणी कळवलं नाही. कारण पॉलिसीच बंद झाली तर, ही भीती चाळीस जणांना होती, सारजालाही होती. नवरा-बायकोचा पूर्ण हप्ता घेण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आधी सुरू केलेली कपात मात्र चालूच राहिली. ती अजूनही चालू आहे. माधवीवहिनींचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून गेलं, असं म्हणतात. त्यांच्या घरचं इंदापूरला एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथं त्या आता कुठल्या पाळीला आहेत, ते मला माहीत नाही. ऋषिराज दिवाळीच्या आत चाकणच्या एका मोठ्या कंपनीत गेला, तिथं त्याला जास्त माणसांचे गोल काढायला मिळत असतील.

स्टाफचं वागणं बदललं. म्हणजे टेबलावर पुन्हा बोलणी सुरू झाली, अकाउंट्सच्या बाईनं तिच्यापुढं बिस्किटं सरकवली. माफी कुणी मागितली नाही. गोकुळ तर हॉटेलात बसून हा किस्सा अशा रीतीनं सांगायला लागला, की दुसरी पाळी कुठं आहे हा प्रश्न त्यानंच मालकाला तोंडावर विचारला. एकदा सारजाच्या देखत सांगत होता. तिनं त्याला पुरा सांगू दिला, ओठ जरा पुढं काढून ऐकला, आणि समोरच्या बशीतली खारी न खाता उठली.

विजयसिंह मात्र विसरले नाहीत. दिवाळीच्या ऑर्डरी फार आल्या म्हणून ऑक्टोबरात त्यांनी कारखान्यात खरोखरच दुसरी पाळी सुरू केली, दुपारी तीन ते रात्री अकरा, आणि तिची सुपरवायझर म्हणून सारजाला नेमलं. नेमताना म्हणाले, तुम्हालाच हवी होती ना. दिवाळी झाली, ऑर्डरी ओसरल्या, पाळी तशीच राहिली. मुलगी बारावीला, मुलगा नववीला. ती दोघं शाळा-कॉलेजातून परत यायची तेव्हा आई निघून गेलेली असायची. जोतीरामनं स्वयंपाक शिकून घेतला. भाकरी त्याला अजूनही नीट थापता येत नाही, पण तिची जाड कड तो कुणाला टाकू देत नाही.

आम्ही सगळे तिला म्हणायचो, सोड की नोकरी. बोलायला काय जातं. बारामतीत पॅकिंगची कामं मिळतात, तिच्यासारखी बाई कुणीही ठेवून घेईल. पण जोतीरामच्या दोन्ही खुब्यांत धातू आहे. तपासण्या आहेत, आणि कधी त्यातलं काही सैल झालं तर पुन्हा उघडावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. नोकरी सोडली त्या दिवशी विमा जातो. मालकाला हे माहीत आहे. म्हणून तर तो तिला काढत नाही. काढण्यापेक्षा ठेवण्यात त्याला जास्त मजा वाटत असावी. पगारातून किती कापलं जातं ते पगाराच्या चिठ्ठीवर दिसतं. हे कुठं दिसत नाही.

गेल्या महिन्यात इंदापूरला हायवेच्या कडेला एका नव्या बेकरीत सुपरवायझरची जागा निघाली. पहिली पाळी, पगार थोडा जास्त. सारजा सकाळच्या एसटीनं गेली, जोतीराम बरोबर गेला. मालक तरुण होता, बोलायला बरा होता. तिचं काम ऐकून खूश झाला. कधीपासून येता, म्हणाला. तिनं एकच गोष्ट विचारली, की इथं मेडिक्लेम आहे का आणि नवरा पहिल्या दिवसापासून धरतात का.

तो म्हणाला, मेडिक्लेम आहे, पण नवऱ्याचं नाव एक वर्ष नोकरी झाल्यावर घालतो. आधी माणूस टिकतो का बघावं लागतं. आणि मग म्हणाला, काळजी करू नका, आमच्याकडं सगळं घरच्यासारखंच आहे.

सारजा म्हणाली, घरच्यासारखं आमच्याकडं बी हाय. नमस्कार करून ती बाहेर आली.

जोतीराम रस्त्याच्या पलीकडं रसवंतीच्या बाकावर बसला होता. तिला येताना पाहून उठला, हातांचा आधार न घेता. काय म्हणाले, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. वर्षभर विम्याशिवाय काढू आपण, मला काय धाड भरलीय, असं तो म्हणाला. तिनं त्याच्या पायांकडं एकदा पाहिलं, मग समोरून धुरळा उडवत येणाऱ्या बारामतीच्या गाडीकडं.

"चला," ती म्हणाली. "तीनला पाळी हाय."

गाडी थांब्याच्या जरा पुढं जाऊन उभी राहिली. दोघं तिच्यामागं चालू लागली. जोतीराम पुढं होता.